स्पीडबोटवाले सुसाट सोडतात तेव्हा... तुमचे अनुभव लिहा

धक्क्यावरची

गेटवे, मांडवा, घारापुरी, मालवण, गोवा, कुठंही असो, लाँचमधून जाताना एखादी स्पीडबोट आता अंगावर येतेय की काय म्हणून पोटात गोळा आलेला माणूस आमच्या उरणकडं घरटी एक सापडेल. पण हे सगळं गप्पांत राहतं, कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून हा धागा.

१८ डिसेंबर २०२४ ला नीलकमल लाँचचं काय झालं ते सगळ्यांना माहितीय. गेटवेहून घारापुरीला निघालेली लाँच, दुपारी चारच्या सुमारास नौदलाची स्पीडबोट येऊन धडकली, तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती, १५ माणसं गेली. लाँचला परवानगी ८४ प्रवासी आणि ६ कर्मचाऱ्यांची आणि आत माणसं शंभरच्या वर. तो व्हिडिओ मी एकदाच बघितला, परत बघवला नाही. बोट लांबून गोल फिरते, वळते आणि सरळ लाँचवर येते. त्यानंतर लाईफ जॅकेटची सक्ती झाली, चांगलंच झालं, पण जॅकेट पाण्यात पडल्यावर उपयोगी. माणूस पाण्यात पडूच नये म्हणून त्या वेगाला कोण आवर घालणार, हा माझा प्रश्न आहे.

तुमच्यासोबत काय झालं, कुठं झालं, तक्रार केलीत का, तिचं पुढं काय झालं, सगळं लिहा. बोटीचं किंवा कंपनीचं नाव इथं नको. प्रवासी, कोळी, बोट चालवणारे, सगळ्यांनी लिहा.

मांडवा अप-डाउन

नोकरी मुंबईत, घर अलिबागजवळ, त्यामुळे लाँच म्हणजे आमची लोकल. शनिवारी सकाळी मांडव्याचं पाणी आणि मंगळवारचं पाणी यात जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि तो वाऱ्यामुळे नसतो, प्रायव्हेट स्पीडबोटींमुळे असतो. बंगलेवाली मंडळी येतात, बोट जेट्टीच्या अगदी जवळ येईपर्यंत वेग कमी करत नाहीत, मग एकदम इंजिन कमी करतात आणि मागची सगळी लाट जेट्टीवर येऊन आपटते.

गेल्या सीझनला माझ्यासमोर घडलेलं सांगते. आमची लाँच जेट्टीला लागलेली, माणसं उतरत होती, एक आजी, नऊवारी, हातात पिशवी, एक पाय लाँचच्या काठावर आणि एक पायरीवर. तेवढ्यात पन्नासेक फुटांवरून एक बोट गेली. लाँच आधी खाली गेली, मग वर आली आणि जेट्टीपासून हातभर लांब सरकली. आजींचे दोन पाय दोन दिशांना. खलाशी पोरगा जेमतेम विशीचा असेल, त्याने दोर सोडला नाही, एका हाताने दोर धरून दुसऱ्या हाताने आजींचा दंड पकडला आणि आत ओढलं. पिशवी पाण्यात गेली. त्या फटीत पाय गेला असता तर लाँच परत जेट्टीवर आदळताना काय झालं असतं ते लिहवत नाही. आजी खाली बसून थरथरत होत्या आणि ती बोट पुढे जाऊन वळून थांबली, त्यातली माणसं हसत उतरली, त्यांना मागे काय झालं हे कळलंसुद्धा नाही. हेच मला सगळ्यात जास्त झोंबतं. आम्ही दोघी-तिघी जाऊन बोललो तर चालवणारा म्हणाला, मॅडम मी तुमच्या लाँचला हात तरी लावला का. हात लावायची गरजच नाही, लाटच पुरते, हे त्याला कोण शिकवणार? जेट्टीवरच्या पोलिसाला सांगितलं, तो म्हणाला लेखी द्या. लेखी दिलं. पुढे काही कळलं नाही.

करंजा खाडी

ताईंनी लिहिलं ते बरोबर आहे, लाटेनंच बोट पलटते. आमची होडी लहान आहे, मी आणि माझा भाऊ दोघंच असतो. जाळं टाकलं की आम्हाला हलता येत नाही, दोर हातात असतो, इंजिन बंद असतं, आता समोरून कोण आलं तर आम्ही कुठं पळणार. म्हणून दोन्ही टोकांना बावटे लावतो, जाळ्याचे तरंगते बोये दिसतात, ज्याला दर्या माहीत आहे तो लांबून जातो, मोठ्या लाँचचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, पण लांबून जातात, ते आमचेच लोक आहेत. स्पीडबोटवाला मधून जातो. एकदा दिवस मावळायला आलेला, एक बोट सरळ जाळ्यावरून गेली आणि जाळं तिच्या इंजिनाच्या पंख्यात अडकलं. बोट थांबली. आम्हाला वाटलं आता बोलतील काहीतरी. त्यातला एक उठला, सुरी काढली आणि जाळं कापायला लागला, वर आम्हालाच शिव्या की इथं जाळं का लावलं. भाऊ उभा राहून ओरडत होता, पंखा मोकळा झाला तसे निघून गेले. नंबर बघायचा प्रयत्न केला पण तो पाण्याजवळ बारीक अक्षरात, वर रंग उडालेला. चौकीत पहिला प्रश्न काय, तर बोटीचा नंबर सांगा. जाळ्याचे हजारो रुपये गेले आणि पुढचे दिवस धंदा पण बंद. जीव वाचला ते आईची कृपा.

निवृत्त सेकंड मेट

मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं म्हणून थोडं नियमांबद्दल. समुद्रात धडक टाळायचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे आहेत. नियम ५ म्हणतो की डोळ्यांनी आणि कानांनी सतत पहारा ठेवा. नियम ६ म्हणतो सुरक्षित वेग, त्यात आकडा दिलेला नाही, दिसतं किती, गर्दी किती, बोट किती अंतरात थांबते यावर तो ठरवायचा. जाळं टाकून बसलेल्या होडीला इंजिनाच्या बोटीने वाट द्यायची हे नियम १८ मध्ये आहे, म्हणजे करंजाच्या दादांचं म्हणणं हे गाऱ्हाणं नाही, कायदाच आहे.

आता वेगाचा हिशोब बघा. ३० नॉट म्हणजे ताशी साधारण ५५ किलोमीटर, सेकंदाला १५ मीटर. शंभर मीटरवर होडी दिसली तर हातात साडेसहा सेकंद. बोटीला ब्रेक नसतो हे लोक विसरतात, इंजिन कमी केलं तरी ती घसरत पुढे जातेच. आणि जोरात पिकअप घेताना नाक वर उठतं तेव्हा चालवणाऱ्याला समोरचं पाणी काही क्षण दिसतच नाही. ज्या गर्दीच्या पाण्यात हे लोक तमाशे करतात तिथे तो क्षण पुरेसा आहे.

वकीलताई

एक महत्त्वाचं, कारण पोलीसच कधीकधी "अपघात कुठं झालाय" असं म्हणून परत पाठवतात. भारतीय न्याय संहितेचं कलम २८२ (आधीचं आयपीसी २८०) हे बोट बेदरकारपणे चालवण्याबद्दलच आहे. अपघात झालेला असायलाच पाहिजे असं त्यात नाही, माणसाच्या जिवाला धोका होईल किंवा कुणाला इजा होण्याची शक्यता असेल अशा पद्धतीने चालवली तरी गुन्हा होतो. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पूर्वी दंड १,००० होता. मला विचाराल तर लाखोंची बोट असणाऱ्याला आजही हा दंड म्हणजे काहीच नाही, परवाना निलंबित झाला तरच तो ताळ्यावर येईल. पण कलम आहे, अर्जात आकड्यासकट लिहा, जागा आणि वेळ लिहा, व्हिडिओ जोडा, बंदर निरीक्षकाकडे एक प्रत द्या आणि पोचशिक्का घेतल्याशिवाय हलू नका.

सुट्टीतली मालवण

तारकर्लीला बंपर राईड, म्हणजे हवेच्या फुग्यावर बसायचं आणि बोट तो ओढत नेते. मुलं आठ आणि अकरा वर्षांची. ओढणारा मुलगा मुद्दाम झटकन वळवतो, लोक पाण्यात पडले की मजा, हे पॅकेजमध्येच असतं म्हणे. माझी धाकटी पडली आणि ती पाण्यात असताना तिच्या आणि किनाऱ्याच्या मधून दुसरी जेटस्की गेली. फवारा तिच्या तोंडावर! चालवणाऱ्याच्या मनगटाला ती लाल दोरी असते ना, माणूस पडला की इंजिन बंद करणारी, ती हँडलला गुंडाळून ठेवलेली होती, मी नीट बघितलं. जॅकेट होतं म्हणून मूल तरंगत होतं, पण तरंगणाऱ्या मुलाला जेटस्कीपासून जॅकेट वाचवणार नाही.

स्टिअरिंगवाला

मी स्पीडबोट चालवतो, दुसऱ्या किनाऱ्यावर. सगळे माजोरडे नसतात हे आधी सांगतो. सीझन ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात बंद, तेवढ्या महिन्यांत वर्षाचं कमवायचं. मालक संध्याकाळी फेऱ्या विचारतो, पगार त्यावर आहे. गिऱ्हाईक बसलं की पहिलं वाक्य "दादा जोरात घ्या, पैसे दिलेत". मी नाही म्हणालो तर शेजारची बोट घेते. मी तरी किनाऱ्याजवळ घेत नाही कारण माझी पोरं पण तिथंच पोहतात. पण सांगायचं हे की तपासणी सीझनच्या सुरुवातीला होते, जॅकेट मोजतात, कागद बघतात, जातात. भर डिसेंबरात रविवारी चार वाजता पाण्यात एकही सरकारी बोट नसते. मला वाटतं बोयांची एक रांग लावा, तिच्या आत फक्त चालीच्या वेगाने, जो मोडेल त्याची बोट आठवडाभर बांधून ठेवा. दंड मालक भरेल, बांधलेली बोट मालकाला परवडणार नाही.

लेक डिस्ट्रिक्टहून

हे इंग्लंडमध्ये करून झालंय म्हणून लिहिते. विंडरमिअर तलावावर २००५ पासून १० नॉटची मर्यादा आहे, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर. आधी तिथे पॉवरबोट आणि वॉटर स्कीवाल्यांचाच जोर होता, त्यांनी खूप विरोध केला, धंदा बुडेल म्हणाले. आता आम्ही उन्हाळ्यात वल्ह्याची बोट घेऊन मुलांना नेतो, वॉर्डन बोटीतून फिरताना दिसतात, पर्यटक तर भरपूर आहेत. मर्यादा लिहून ठेवणं आणि ती बघायला पाण्यावर माणूस असणं, दोन्ही लागतं.

बे एरिया

कॅलिफोर्नियात २०२५ पासून मोटरबोट चालवणाऱ्या प्रत्येकाला परीक्षा देऊन कार्ड घ्यावं लागतं, वय कितीही असो. पोहणाऱ्यापासून १०० फुटांच्या आत ताशी ५ मैलांपेक्षा जास्त चालत नाही. आणि वर ती लाल दोरी लिहिलीय ना, लहान बोटींना ती लावणं २०२१ पासून अख्ख्या अमेरिकेत सक्तीचं आहे.

धक्क्यावरची

सगळ्यांचे आभार. पाण्यात कुणी अडकलेलं दिसलं तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४, फोनमध्ये आत्ताच घालून ठेवा. मांडवा अप-डाउन, लेखी दिलं म्हणालात, त्याची प्रत असेल तर वकीलताईंनी सांगितलेलं कलम घालून परत अर्ज करूया, मी पण सही करते, आजींना शोधता आलं तर त्यांचीही घेऊ.

मांडवा अप-डाउन

प्रत आहे. त्या खलाशी पोराला पण विचारते, त्याला बोट ओळखता येईल.

स्टिअरिंगवाला

करंजाच्या दादा, बावट्याला रेडियमची पट्टी लावून बघा, अंधारात लांबून चमकते, आमच्याकडचे कोळी लावतात.

करंजा खाडी

लावलीय दादा. माझं जाळं गेलं तेव्हा उजेड होता. तुमच्या ओळखीत जे चालवतात त्यांना एवढं सांगा की दोन बावटे दिसले की मधून घुसू नका, बाहेरून वळसा घ्या, दोन मिनिटं जातील जास्तीची.