ड्रायवॉलच्या अंदाजपत्रकासाठी मॉकअप: काय बांधायचं आणि काय मोजायचं?

टेकऑफ_डेस्क

व्यावसायिक इमारतीतल्या ड्रायवॉल पार्टिशनचं (पत्र्याच्या सांगाड्यावर जिप्सम बोर्ड लावलेल्या भिंतींचं) अंदाजपत्रक आम्ही सरळ चौरस मीटरवर करतो. मजुरीही चौरस मीटरवर, बोर्डाचं वेस्टेज, म्हणजे वाया जाणारा माल, सरसकट १० टक्के. मोठ्या सलग भिंतींना हे जमतं. पण दारं, कोपरे आणि डक्ट (हवा नेणारी नळी) असलेल्या कॉरिडॉरला आकडा हमखास कमी पडतो. टेंडर भरण्याआधी मॉकअप, म्हणजे नमुन्याची भिंत, बांधून दर पक्का करायचा आहे. भिंत ३.३ मीटर उंच, दोन्ही बाजूंना १२.५ मिमीचा एकेक थर, बोर्ड १.२ × २.४ मीटर. मॉकअप केवढा असावा, आणि निघालेला आकडा सगळ्या इमारतीला कसा लावावा?

बोर्ड_आणि_स्टड

मॉकअपमधून चौरस मीटरचा एकच दर काढू नका. नाहीतर आत्ताचीच चूक जास्त खर्च करून होईल. साधी भिंत चौरस मीटरवर, स्लॅबखालचा जोड रनिंग मीटरवर, कोपरा रनिंग मीटरवर, दार नगावर, डक्ट किंवा पाइपचं भोक नगावर. प्रत्येकाचा खर्च वेगळा मोजता आला पाहिजे आणि मॉकअप त्या हिशोबाने बांधायचा.

४.८ मीटर लांब भिंत, तिला १.२ मीटरचा काटकोनातला तुकडा, १.० × २.१ मीटरचं एक दार, एक डक्ट, दोन सॉकेटचे डबे. उंची मात्र पूर्ण ३.३ मीटर. छातीएवढा मॉकअप फक्त रंग दाखवायला ठीक. मचाण आणि वरचा जोड त्यात येतच नाही, आणि पैसा तिथेच जातो.

आता लांब भिंतीच्या एका बाजूचा हिशोब करा. एकूण १५.८४ चौ.मी., दार वजा जाता १३.७४. बोर्ड लागतात ६: चार पूर्ण, आणि दोन बोर्डांतून ०.९ मीटरचे चार तुकडे. म्हणजे विकत घेतले १७.२८ चौ.मी. दार वजा न करता पाहिलं तर वेस्टेज ९ टक्के, वजा करून पाहिलं तर जवळपास २६. टेकऑफमध्ये (नकाशावरून काढलेल्या मापांत) दार वजा करून वर १० टक्के लावले तर १५.११ येतात, तूट २.१७ चौ.मी., म्हणजे जवळजवळ दाराएवढीच. दाराच्या चौकटीच्या रेषेत जोड आला तर तिथे तडा जातो, म्हणून बोर्ड उलट्या एलच्या आकारात कापून दारावर वळवावा लागतो. त्यातून निघालेला अरुंद, उंच तुकडा बहुतेक वेळा कुठेच बसत नाही.

स्टडचंही, म्हणजे बोर्ड ज्यांवर बसतात त्या उभ्या आधारांचंही, तेच. ६०० मिमीवर ४.८ मीटरला सूत्राने ९ येतात. दाराच्या दोन्ही बाजूंना दुहेरी स्टड आणि कोपऱ्याचे जादा धरले की प्रत्यक्षात १३-१४ होतात, दारावरचे आखूड तुकडे वेगळे.

एक प्रयोग जरूर करा. एका बाजूला २.४ चे बोर्ड, दुसऱ्या बाजूला ३.६ चे ३.३ ला कापून. चार बोर्ड गुणिले ४.३२, पुन्हा १७.२८ चौ.मी.च! माल तेवढाच, पण आडवा जोड गेला. तो जोड महाग असतो, कारण बोर्डाच्या लांब कडा कारखान्यातूनच उतरत्या (पातळ होत गेलेल्या) येतात, आखूड कडा तशा नसतात. तिथे फुगवटा लपवायला कंपाउंड (जोड भरायचं लांबीसारखं मिश्रण) कितीतरी रुंद पसरावं लागतं. उलट, ३.६ चा बोर्ड ३५ ते ३९ किलोचा असतो आणि लिफ्टमध्ये, जिन्याच्या वळणावर अडतो. दोन्ही बाजूंची मिनिटं मांडा, निर्णय तिथेच होईल.

मनुष्यतास

मजुरीची नोंद घड्याळ लावूनच करा, दिवसावर नाही. आखणी, ट्रॅक (स्टड ज्यात बसतात त्या खालच्या-वरच्या पट्ट्या), स्टड, पहिल्या बाजूचा बोर्ड, आतली इन्सुलेशनची लोकर आणि वायरिंग, दुसरी बाजू, टेप, कंपाउंडचा प्रत्येक हात, घासणं, असे टप्पे. प्रत्येकाला माणसं गुणिले मिनिटं. वाळण्याचा वेळ मजुरीत धरू नका, पण पुन्हा येऊन मचाण लावण्याची मिनिटं धरा. वाळून घट्ट होणाऱ्या कंपाउंडला दोन हातांमध्ये साधारण एक दिवस जातो, त्यामुळे फेऱ्या वाढतात.

कंपाउंडची बादली कामाआधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवा, स्क्रूचा खोकाही. कापलेले तुकडे फेकण्याआधी जमिनीवर मांडून फोटो घ्या.

सगळ्यात मोठी गफलत म्हणजे मॉकअपला सगळ्यात चांगला मिस्त्री दिला जातो. प्रत्यक्ष काम करणारीच जोडी लावा. पहिली भिंत शिकण्यात जाते, म्हणून तीच भिंत लगेच दुसऱ्यांदा बांधा आणि दर दुसरीचा घ्या.

टेकऑफ_डेस्क

गोदामात बांधला तर चालेल? इमारतीत जागा अजून मोकळी नाही.

मनुष्यतास

मालाच्या प्रमाणासाठी चालेल. मजुरीला नाही. तिथे माल हाताशी असतो, वर डक्ट आणि केबल ट्रे नसतात, जमीन सपाट असते. माल वर चढवणं आणि मजल्यावर पसरवणं यांची वेगळी बाब धरा, मजुरीच्या दरात मिसळू नका. जमलं तर वरच्या जोडाचा तेवढा दीड-दोन मीटरचा तुकडा खऱ्या स्लॅबखाली करा. स्लॅब वाकते तिथे वरच्या ट्रॅकमध्ये स्टड मोकळा ठेवतात, बोर्ड थोडा आखूड कापून फट सीलंटने भरतात. स्लॅब वाकडी असेल तर प्रत्येक स्टड वेगळा मोजून कापावा लागतो.

फिनिश_लेव्हल

फिनिशचा, म्हणजे पृष्ठभागाच्या सफाईच्या पातळीचा, मुद्दा राहिला. लेव्हल ४ मध्ये कंपाउंड जोडांवर आणि स्क्रूंवरच असतं, लेव्हल ५ मध्ये पूर्ण पृष्ठभागावर पातळ थर. मजुरीत हा फरक मोठा आहे. मॉकअपवर दोन्ही शेजारी शेजारी करा, ठरलेलाच रंग लावा, आणि दिवा भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा मारा. आर्किटेक्टला तिरप्या उजेडातच दाखवा. लेव्हल ४ मान्य झाली की कुठल्या भिंतींना ते लेखी घ्या. लांब खिडकीलगतच्या आणि लॉबीच्या भिंतींना बहुधा ५ लागते, ती बीओक्यूमध्ये (कामाच्या बाबी आणि प्रमाणांच्या यादीत) वेगळी ओळ. मान्य झालेला मॉकअप शेवटची भिंत ताब्यात देईपर्यंत पाडू नका, आणि तो जपण्याचा आणि पाडण्याचा खर्चही दरात धरा.