लेकीची बेरीज २०६ आली, पण कानातली हाडं राहिलीच की!

शेवंती_कराड

नमस्कार मंडळी. मुलगी सहावीत आहे. अस्थिसंस्थेचा धडा झाल्यावर तिने वहीत स्वतःच बेरीज मांडली. अक्षीय सांगाडा: कवटी २२, पाठीचा कणा ३३, छातीचा पिंजरा २५, मिळून ८०. उपांग सांगाडा: हात, पाय, खांदे, खुबे मिळून १२६. एकूण २०६. बाईंनी बरोबरची खूण केली, स्वारी खूश.

परवा रात्री जेवताना आजोबा तिला म्हणाले की शरीरातलं सगळ्यात लहान हाड कानात असतं, आणि एकेका कानात अशी तीन. ही हातात घास धरून तशीच बसली. "आई, ही सहा मी कुठे धरली?" जेवण अर्धवट टाकून वही आणली. कवटीच्या २२ मध्ये ती नाहीत. ८ मेंदूभोवतीची आणि १४ चेहऱ्याची, सगळी नावानिशी लिहिलेली आहेत. मग २१२ व्हायला हवीत ना? पण बघावं तिथे २०६च. त्यात आजोबा (माझे सासरे, वैद्यकी करायचे) म्हणतात, सुश्रुताने ३०० सांगितली आहेत.

"२०६ पाठ कर आणि गप्प बस" असं मला तिला सांगायचं नाही. बेरीज नेमकी कुठे चुकली?

माळावरचा_वारा

नवजात बाळाला ३००च्या आसपास हाडं असतात, ती पुढे जुळत जुळत २०६ होतात. आजोबांचे ३०० तेच असावेत. कानाचं मात्र मलाही कोडंच आहे.

अस्थिभांडार

ताई, तुमच्या लेकीच्या हिशेबात दोन चुका आहेत आणि त्या एकमेकींत अशा जिरल्या आहेत की उत्तर बरोबर आलं. जेवण सोडून वही आणणारं पोर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना विभागाचं हाडांचं भांडार ३१ वर्षं सांभाळलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना 'हाफ सेट', म्हणजे अर्ध्या सांगाड्याची हाडं, द्यायचा, नोंदवहीत सही घ्यायची आणि वर्षाअखेर एकेक हाड मोजून परत घ्यायचं, हे माझं काम. त्यामुळे ही बेरीज मी हाताने केलेली आहे.

पहिली चूक कण्यात. ३३ हा मणक्यांचा हिशेब: मानेचे ७, फासळ्या जिथे जोडल्यात ते १२, कमरेचे ५, त्याखाली त्रिकास्थीचे ५ आणि माकडहाडाचे साधारण ४. पण मोठ्या माणसात ते ५ सांधून एकच त्रिकोणी हाड होतं आणि खालच्या चारांचं एक माकडहाड. म्हणजे सुटी हाडं २४ आणि २, मिळून २६. तिने ७ जास्त धरली.

दुसरी चूक गाळण्याची. दोन्ही कानांची ६ राहिली आणि गळ्यातलं एक राहिलं, हायॉइड. झाली ७. सात जास्त, सात कमी, म्हणून ८० चे ८०च. खरा हिशेब असा: कवटी २२, कान ६, हायॉइड १, कणा २६, छातीत २४ फासळ्या आणि मधलं उरोस्थी, म्हणजे २५.

त्रिकास्थी हातात घेऊन पुढच्या बाजूने बोट फिरवलं की चार आडवे कंगोरे लागतात. पाच मणके जुळल्याच्या त्या खुणा. नवीन मुलांना मी आधी हेच करायला लावायचो, डोळे मिटून. आणि हे तिला जरूर सांगा: तिच्या अंगात ते अजून जुळलेलं नाही. त्रिकास्थी पूर्ण एकसंध व्हायला पंचविशी येते. खुब्याचं हाडही या वयात तीन तुकड्यांचं असतं, मांडीच्या हाडाचा गोळा ज्या वाटीत बसतो तिथे तिघं कुर्चेने, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक अशा भागाने, जोडलेले. २०६ हा वाढ पूर्ण झालेल्या माणसाचा आकडा आहे. तिने स्वतःची हाडं मोजली तर तो जुळणार नाही, आणि त्यात तिची काही चूक नाही.

कानातली तीन म्हणजे हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब जेमतेम ३ मिलिमीटर, तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, आणि आकार खरोखर खोगिराच्या रिकिबीचा. वाळलेली कवटी जरा कलली की ती कानाच्या भोकातून निसटायची आणि मग सापडायची नाहीत. म्हणून आम्ही ती कापसावर काचेच्या डबीत वेगळी ठेवायचो. कवटी कधी उघड्या टेबलावर ठेवली नाही, खाली कापडाची चुंबळ असायचीच. कुणाच्या तरी घरचं माणूस होतं ते.

हायॉइड मात्र तिला आत्ताच सापडेल. हनुवटीखाली, कंठमण्याच्या वरच्या अंगाला अंगठा आणि तर्जनी हलकेच ठेवायची आणि आवंढा गिळायचा. वर सरकतं ते. घोड्याच्या नालेसारखं हे हाड दुसऱ्या एकाही हाडाला सांधलेलं नाही, नुसतं स्नायूंवर आणि बंधांवर टांगलेलं आहे.

आता १२६. एका बाजूची ६३, दुसऱ्या बाजूची ६३. हात ३०, पाय ३०, हासळी (गळ्याखालचं आडवं हाड), फरा (खांद्यामागचं पसरट हाड) आणि खुब्याचं हाड. पुष्कळ मुलं अडखळायची की खांदा आणि खुबा तर धडाचा भाग, मग ते उपांगात कसे? मी सांगायचो, फरा उचलून बघ. तो फासळ्यांना कुठे जोडलाय? कुठेच नाही. पाठीवर स्नायूंमध्ये तरंगतो. अख्खा हात धडाला हाडाने फक्त एका ठिकाणी जोडलेला आहे, हासळी जिथे उरोस्थीला टेकते तिथे. म्हणून तर आपण हात एवढा चहूकडे फिरवू शकतो, आणि म्हणूनच हात टेकून पडलं की धक्का चढत जाऊन हासळी मोडते. पायाचं उलट. खुब्याचं हाड त्रिकास्थीला असं घट्ट बसलंय की जवळपास हलत नाही, कारण त्याला वरचा सगळा भार पायांत उतरवायचा असतो. हाताने हालचाल कमावली, पायाने मजबुती. ही विभागणी मला फार आवडते, कारण ती कागदावरची नाही, हाडं उचलली की दिसते.

हाताच्या ३० पैकी ८ एकट्या मनगटात. आमच्याकडे ती तारेत ओवलेली असायची. एका वर्षी एका मुलीचा सेट परत आला तेव्हा मनगटात सातच. करंगळीच्या बाजूचं, वाटाण्याएवढं, पिसिफॉर्म गायब. पोरगी रडवेली झाली. दोन दिवसांनी धावत आली, काडेपेटीत कापसावर ठेवून ते घेऊन. होस्टेलच्या कॉटच्या पायाशी सापडलं होतं. मी नोंदवहीतली लाल खूण खोडली, तेव्हा कुठे तिला हसू आलं.

शतावरी

बीएएमएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून आजोबांच्या ३०० बद्दल. ते नवजात बाळाचे नाहीत. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात स्पष्ट म्हटलं आहे की वेदवादी ३६० सांगतात, पण शल्यतंत्रात, म्हणजे शस्त्रक्रियेच्या शास्त्रात, ३००च. वाटणीही दिलेली आहे: हातापायांत १२०, धडात ११७, मान आणि त्यावर ६३. फरक मोजण्याच्या रीतीचा आहे. सुश्रुताच्या पाच प्रकारांत कपाल (चपटी), वलय (कड्यासारखी वळलेली) आणि नलक (नळीसारखी) यांच्यासोबत रुचक म्हणजे दात आणि तरुण म्हणजे कुर्चा हेही येतात. चरकाच्या ३६० मध्ये तर ३२ दात, दातांची ३२ खोबणं आणि २० नखंही आहेत.

आणि हे नुसतं बसल्या जागी लिहिलेलं नाही. प्रेत पिंजऱ्यात बांधून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचं, मग वाळ्याच्या किंवा केसांच्या कुंचल्याने एकेक थर हळूहळू घासत आतलं पाहायचं, अशी कृती तिथेच दिली आहे. आजोबांना माझा नमस्कार सांगा.

शेवंती_कराड

काका, काय सांगू! तुमचं उत्तर तिला मोठ्याने वाचून दाखवलं. सात जास्त, सात कमी ऐकल्यावर तिने वही ओढली आणि ३३ वर रेघ मारली. मग घरातल्या सगळ्यांना आवंढा गिळायला लावला. सासऱ्यांचं हायॉइड पटकन लागलं, माझं नाही. शतावरी, सासरे तुमचं वाचून खूप वेळ बोलत बसले, पाठ असलेले श्लोक म्हणून दाखवले.

आता पुढचा प्रश्न तयार आहे. तिचा भाऊ दीड वर्षाचा. त्याचे गुडघे दाबून बघतेय आणि विचारतेय की याला वाटी आहे का?

अस्थिभांडार

वाटी आहे, पण अजून हाडाची नाही, कुर्चेची आहे. तिच्यात हाड धरायला साधारण तिसरं ते सहावं वर्ष लागतं. त्याचा गुडघा जपून दाबायला सांगा.

आणि तिला हेही सांगा की मनगटाच्या आठांतही अशीच पाळी असते. पहिली दोन बाळाच्या पहिल्या काही महिन्यांतच हाडाची होऊ लागतात. सगळ्यात शेवटी येतं ते वाटाण्याएवढं पिसिफॉर्म, नवव्या ते बाराव्या वर्षाच्या सुमारास. म्हणजे तिचं आत्ता कुठे होत असेल. तळहात वर करून हात मांडीवर सैल सोडायचा आणि मनगटाच्या घडीपाशी, करंगळीच्या रेषेत, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने चाचपायचं. छोटा उंचवटा लागेल, हात सैल असेल तर तो इकडून तिकडे जरासा हलतोही. काडेपेटीतून परत आलं होतं ते हेच.