थकवा, ग्लानी, गुंगी, झापड: नेमका कोणता शब्द?

निशिगंध: कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना उपशामक (रोग नव्हे, त्रास कमी करणाऱ्या) उपचारांनी किती आराम पडतो, याच्या अभ्यासात मी काम करते. त्यासाठी ईसॅस ही प्रश्नावली वापरतो, तिचं मराठी भाषांतर चालू आहे. कॅनडातल्या एडमंटनची, मूळ १९९१ची. आताच्या रूपात नऊ तक्रारी, प्रत्येकीला ० (त्रास नाही) ते १० गुण. त्यात ‘टायर्डनेस’ आणि ‘ड्राउझीनेस’ लागोपाठ येतात. पहिल्याला ‘थकवा’ ठरलं. दुसऱ्याला, म्हणजे झोपाळल्यासारखं वाटण्याला, मसुद्यात ‘ग्लानी’ आहे. वाचून दाखवल्यावर एक आजी म्हणाल्या, “ग्लानीत असते तर तुझ्याशी बोलले असते का गं?” एका काकांनी दोन्हींना सारखेच गुण दिले.

फरक महत्त्वाचा आहे. दुखण्यावर मॉर्फिन सुरू केलं की पहिले काही दिवस डोळे मिटतात, मग बहुधा ते कमी होतं. झालं नाही तर मात्रा आणि मूत्रपिंडाचं काम तपासावं लागतं. थकवा बहुतेकदा आजाराचाच असतो. दोन्हींची सरमिसळ झाली तर त्या आकड्यांवरून काय ठरवणार?

देवगिरी: ‘ग्लानी’ ग्लै धातूपासून. अर्थ शिणणं, कोमेजणं. गीतेत धर्माला ग्लानी येते, झोप नाही येत. तेव्हा ‘थकवा’च्या जागी ‘ग्लानी’ लिहा. लोक चुकीचं वापरतात म्हणून आपण शब्द टाकून द्यायचा का?

मांडवी: मी परिचारिका आहे. “पेशंट ग्लानीत आहे” म्हटलं की नातेवाईक धावत येतात. प्रश्नावली खाटेवरच्या माणसासाठी आहे, धातुपाठासाठी नाही. सरळ ‘गुंगी’ लिहा.

निशिगंध: तेही करून पाहिलं. ‘गुंगी’ म्हटलं की लोकांना गुंगीचं औषध आठवतं. एका मुलाने विचारलं, “म्हणजे बाबांना तुम्ही गुंगीत ठेवताय?” आणि मॉर्फिनच नको म्हणाला. दुखणं ८वर होतं हो त्यांचं.

वऱ्हाडवाट: आमची माय म्हणायची, “डोयावर झापड येऊन राह्यली.” झापड डोळ्यांवरच येते, हातापायांत येत नाही. थकव्याशी गल्लत व्हायचं कारणच नाही.

देवगिरी: झापड घोड्याच्या डोळ्यांना बांधतात. शिवाय झापड म्हणजे थप्पडही. ‘गुंगी’ त्यापेक्षा बरी, ‘गुंग होणे’ यातून आलेली, अस्सल मराठी.

पारिजात: ‘गुंग’ फारसी आहे, अर्थ मुका. हिंदीतला ‘गूंगा’ त्याच घरचा.

देवगिरी: भजनात गुंग झालेला माणूस मुका असतो का? हे मला पटत नाही.

पारिजात: असो. ईसॅसच्या सुधारित इंग्रजी आवृत्तीतही या दोन शब्दांपुढे कंसात खुलासा आहे: एकीकडे शक्ती नसणं, दुसरीकडे झोप आल्यासारखं वाटणं. मूळ भाषेतच गोंधळ होत होता. मग आपणच एका शब्दाचा हट्ट का धरायचा? ‘झोप येते का?’ असं विचारा.

निशिगंध: विचारलं. रात्रभर तळमळणारी आणि दिवसभर पेंगणारी माणसं म्हणतात, “झोप कुठली येते बाई!” आणि ० देतात. आता ‘आत्ता पेंग येतेय का?’ असं करून बघणार आहे, कारण प्रश्न आत्ताच्या स्थितीचाच असतो. कोल्हापूर-सांगलीकडे ‘पेंग’ म्हणजे आधी सरकी-शेंगदाण्याची पेंड समजतील का?

मांडवी: नाही समजणार, पेंड वेगळी. पण मला तुमचा ‘उपशामक’च खटकतो. अग्निशामक दल आठवतं. ‘शुश्रूषा’ का नाही? मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. या कामात तेच तर करतो आपण.

देवगिरी: हा अर्थ मान्य. पण शुश्रूषा बाळंतिणीचीही होते, हाड मोडलेल्याचीही. मग वेगळेपण कुठे राहिलं? ‘परिहारक’ म्हणा.

पारिजात: परिहार म्हणजे निवारण, दूर करणं. कर्करोग इथे दूर होत नाही, त्रास कमी होतो. ‘परिहारक’ वाचून घरच्यांना खोटी आशा लागेल.

देवगिरी: त्रासाचाच परिहार म्हणतोय मी, रोगाचा नाही. श्रमपरिहार म्हणतो तेव्हा श्रम कायमचे जातात का?