ब्लॅक बीन्सचं उसळ सोडून काय करता?

डलासकर: इथे ब्लॅक बीन्स स्वस्त, म्हणून घरात कायम असतात. गोडा मसाला घालून उसळ करते, पण नवरा नाक मुरडतो. दुसरं काही सुचवा ना.

चुलीपाशी: गोडा मसाला या बीन्सना मानवत नाही गं. रात्री भिजव, सकाळी तमालपत्र घालून कुकरला लाव. शिजल्यावरचं काळं पाणी अजिबात ओतू नकोस, सगळी चव त्यातच. माझी क्यूबन शेजारीण कांदा, ढोबळी मिरची, भरपूर लसूण तेलात परतते, जिरेपूड आणि ओरेगॅनो घालते. मग पळीभर बीन्स कढईतच ठेचते, रस्सा छान मिळून येतो. व्हिनेगर अगदी शेवटी. आधी आंबट पडलं तर बीन्स लवकर शिजत नाहीत. सोबत पांढरा भात.

मालवणी_तडका: मी भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप लावते, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याला लावतो तसंच. आंबोळीबरोबर झकास! फक्त वाटाण्याइतक्या शिट्ट्या काढू नका, पिठलं होईल.

डलासकर: डब्यातले, म्हणजे कॅनमधले बीन्स चालतील? ऑफिसच्या दिवशी भिजवायचं लक्षात राहत नाही.

चुलीपाशी: चालतात की. बहुतेक डब्यांत मीठ असतं, तेवढं चाखून घाल.