सुरमई नाही म्हणणारी खानावळ

‘जिथे वर्षभर सुरमई आणि पापलेट हमखास मिळते, तीच मुंबईतली मालवणी खानावळ चांगली’ हे मुंबईतल्या चांगल्या मालवणी खानावळी सुचवताना एकाने मांडलेले मत मला पटत नाही. त्याने केलेली गिरगाव, दादर, लालबाग या भागांची शिफारस योग्यच आहे, पण ऋतूचा विचार त्याच्या मतात राहून गेला आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे त्या दिवसांत ताटात येणारी सुरमई बहुधा शीतगृहातली किंवा बर्फात घालून दुरून आणलेली असते. माझ्या आवडत्या खानावळीत तेव्हा फळ्यावरची सुरमई सरळ पुसली जाते आणि तिच्या जागी सुकटीची (वाळवलेल्या बारीक कोळंबीची) चटणी, सोड्यांची (सोलून वाळवलेल्या कोळंबीची) खिचडी, खाडीतले मासे असे पदार्थ लिहिले जातात. ती सोड्यांची खिचडी, वर ओले खोबरे आणि शेजारी सोलकढी, हे जेवण मला एरवीच्या सुरमई थाळीपेक्षाही प्रिय आहे. बाकीच्या दिवसांत मी आधी तळलेला बोंबील मागवतो, कारण वजनाखाली दाबून त्यातले पाणी नीट काढले नसेल, तर रव्याचे आवरण लगेच मऊ पडते आणि स्वयंपाकघरातली घाई तिथेच उघड होते.