मदत हवी आहे: हादग्याची माळ टिकवायची कशी?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची, लेक दुसरीत आहे. शाळेतून कागद आलाय, मुलांसोबत नैसर्गिक वस्तूंचं ‘ऑटम डेकोरेशन’ करून पाठवा म्हणून. वर चित्र मेपलच्या लाल-पिवळ्या पानांचं. आता आपल्याकडं शरदात पानं गळतात कुठं? पानगळ शिशिरातली. सध्या रंकाळ्यावर चक्कर मारली तर सगळं हिरवंगार, फार तर देशी बदामाखाली एखाद-दुसरं लाल पान.

म्हणून ठरवलं, हादग्याची माळच पाठवायची. २७ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य हस्तात गेला की आमच्या अपार्टमेंटमध्ये सोळा दिवस हादगा असतो, हत्तीच्या चित्राला फळांच्या माळा लागतातच. पण गेल्या वर्षी फजिती झाली. ताजी कारली, भेंड्या, लिंबं सुतळीत ओवली आणि वर हत्तीचा पाऊस. चौथ्या दिवशी कारलं पिवळं होऊन उकललं, आतल्या लाल बिया टपाटप फरशीवर. पोरांना तेवढंच आवडलं. लिंबांना बुरशी आली ती वेगळीच.

यंदा आधीपासून लागलेय. पिंपळ-बदामाची पानं रद्दी पेपरात घालून वर पाटा ठेवला. पहिल्या खेपेला पेपर बदलला नाही, तर पानांवर काळे डाग. गुलमोहराच्या वाळक्या शेंगा आहेत, खुळखुळतात छान. मैद्याच्या खळीनं पानं पुठ्ठ्याला चिकटवली, दोन दिवसांत खळीलाच बुरशी. शेजारची मुलगी आजीच्या डब्यातल्या गुंजा घेऊन आली, भोकं पाडून ओवायला. मी त्या परत पाठवल्या. आजी जरा रागावल्यात.

तर विचारायचंय, पावसाळी हवेत पानं लवकर कशी वाळवायची? खळीला पर्याय काय? आणि माळ कशात ओवू? सात-आठ पोरं आहेत, वय पाच ते दहा. दहाच दिवस हातात आहेत.

प्रतिसाद १
ताई, गुंजा परत केल्या ते बरं केलंत. टणक कवच आहे तोवर ठीक, पण भोक पाडलं किंवा चावली की आतलं विष जबर. पिवळ्या कण्हेराच्या बिट्ट्याही नकोत. खळीत पूर्वी बुकबाइंडिंगवाले मोरचूद घालायचे, तेही विषारीच, पोरांच्या हातात देऊ नका. चिकटवताय कशाला, बांधा की! दोरा म्हणून पाचट वापरा, आमच्या कागल भागात उसाच्या उभ्या फडातही खालची पानं वाळलेली असतात. पण कोरडं पाचट वळताना तुटतं आणि कडा ब्लेडसारख्या कापतात. अर्धा तास पाण्यात भिजवा, कडा तुम्ही स्वतः कात्रीनं काढा, मग पोरांकडून तीनपदरी वेणी घालून घ्या. वाळली की घट्ट बसते. पानांना दोन पेपरांच्या मध्ये ठेवून हलकी इस्त्री मारा, वाफेची नको. इस्त्री तुमच्याच हातात. फळं ओली लावायचीच असतील तर शेवटच्या दिवशी.

प्रतिसाद २
पिंपळाच्या पानाची जाळी करायची असेल तर पान तीन-चार आठवडे पाण्यात कुजवावं लागतं, मग मऊ ब्रशनं हिरवं काढायचं. यंदा जमणार नाही. आणि तो वास घरात कोण सोसणार!

धागाकर्ती
खूप आभार. पाचट मिळालं. बादलीत भिजतंय, बाथरूममध्ये गोठ्याचा वास सुटलाय. इस्त्रीनं पिंपळाची चार पानं छान झाली, पाचवं करपलं. आता हत्तीचं तेवढं राहिलं. दरवर्षीचा कागदी जुना झालाय, यंदाचा कशाचा करावा? लेकीचं म्हणणं, गुलमोहराची शेंग वाकडी असते, तीच सोंड. सुळे कशाचे करायचे ते सुचवा.