मदत हवी आहे: १० रुपये देण्याचे प्रकार ११, माझा प्रोग्रॅम म्हणतो १२९

पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणित असं: अमृततुल्यात चहाचे १० रुपये १, २, ५ आणि १० च्या नाण्यांत किती प्रकारे देता येतील? नाणी हवी तितकी आहेत असं धरायचं. (पीएमपी बसमध्ये सुट्ट्या पैशांवरून वाद घालणाऱ्यांनी हसू नये.) खाली मार्ग[र] म्हणजे र रुपये देण्याचे प्रकार, न म्हणजे नाणं, आणि += म्हणजे आधीच्या आकड्यात भर घालणं.

मार्ग[०] = १, बाकी सगळे ०
र = १ ते १०:
    न = १, २, ५, १०:
        न ≤ र असेल तर मार्ग[र] += मार्ग[र − न]

कागदावर मोजले तर ११ होतात. मित्र म्हणाला, नाण्यांचा लूप (न ची फेरी) बाहेर घे आणि र चा आत. घेतला, ११ आले. पण का? बेरजेची ओळ तर तीच आहे! तोंडी परीक्षेत मॅडम नेमकं हेच विचारणार. तयार कोड नको, कारण हवंय.

प्रतिसाद १
१० राहू दे, ३ रुपये घे, नाणी फक्त १ आणि २ ची. तुझा प्रोग्रॅम ३ वर आला की विचारतो, शेवटचं नाणं कुठलं? १ असेल तर आधीचे २ रुपये, त्यांचे प्रकार दोन. २ असेल तर आधीचा १ रुपया, प्रकार एक. झाले ३. त्यात १+२ आणि २+१ वेगवेगळे धरले गेले. चहावाल्याला गल्ल्यात आधी काय पडलं याचं सोयरसुतक नसतं, तुझ्या लूपला आहे. १२९ हा आकडा बरोबरच आहे, फक्त प्रश्न वेगळा आहे: क्रम मोजायचा असेल तर. एकेक किंवा दोन-दोन पायऱ्यांनी जिना चढायचे प्रकार काढताना हीच मांडणी लागते.

नाणं बाहेर घेतलं की १ ची पाळी एकदाच येते, मग २ ची, मग ५ ची. २ टाकल्यावर १ कडे परत जाताच येत नाही, म्हणून प्रत्येक गट एकाच क्रमाने तयार होतो. ० ते १० हातानेच भरून बघ:

१ नंतर: सगळीकडे १
२ नंतर: १ १ २ २ ३ ३ ४ ४ ५ ५ ६
५ नंतर: मार्ग[५] = ३ + १ = ४, मार्ग[१०] = ६ + ४ = १०
१० नंतर: मार्ग[१०] = १० + १ = ११

प्रश्नकर्ता
तक्ता भरला, जुळला. एकच खटकतंय. ५ च्या फेरीत मार्ग[१०] साठी जो मार्ग[५] घेतला, तो त्याच फेरीत बदललेला आहे. जुना ३ घ्यायला नको का?

प्रतिसाद २
नको. त्या ४ मधला वाढीव १ म्हणजे आधीच टाकलेलं एक ५ चं नाणं. त्यावर दुसरं ठेवलं की ५+५ होतं. जुना ३ घेतलास तर तेवढा प्रकार गळेल, ५ च्या फेरीनंतर १० ऐवजी ९ च राहतील.

जुना आकडा लागतो तो प्रत्येक नाणं एकदाच वापरायचं असेल तेव्हा. मग आतला लूप १० पासून खाली आण. चारही नाणी एकेकच असतील तर उत्तर १ येईल, कारण १+२+५ चे ८ च होतात.